रायफलीच्या पोलादावरील संरक्षक थर : निवड कशी आणि कधी करावी

मागणीनुसार एकेक रायफल घडवून देण्याची परंपरा मुख्यतः युरोप आणि अमेरिकेतील असून लंडन व बर्मिंगहॅम येथील जुने बंदूककार, ऑस्ट्रियातील फेर्लाख गावचे कारागीर आणि अमेरिकेतील अनेक लहान कार्यशाळा यांनी ती आजही टिकवून ठेवली आहे. अशी रायफल घडवून घेणाऱ्याचे लक्ष नळीची लांबी, काडतुसाचा प्रकार, दस्त्याचे लाकूड आणि दुर्बिणीची शक्ती यांकडे आधी जाते, आणि पोलादावर कोणता थर चढवायचा हा प्रश्न सगळे काम उरकल्यावर रंगांच्या तक्त्यावरून सोडवता येईल असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. थर चढवण्याचे काम सर्वांत शेवटी होत असले तरी त्याचा निर्णय सर्वांत आधी व्हावा लागतो, कारण कोणते पोलाद घ्यायचे, ते किती घासून गुळगुळीत करायचे, एकमेकांत सरकणाऱ्या भागांमध्ये किती फट ठेवायची आणि कोणता भाग किती अंशांपर्यंत तापू द्यायचा, या सर्व गोष्टी त्या थराच्या गुणधर्मांवर ठरतात.

लोखंड गंजते म्हणजे काय, हे लक्षात घेतल्याशिवाय या थरांचे काम समजत नाही. पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन लोखंडापासून जो तांबूस पदार्थ तयार होतो त्याचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे तो पृष्ठभागाला धरून राहू शकत नाही. तो फुगतो, भेगाळतो, गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे करतो. म्हणूनच तांबडा गंज एकदा सुरू झाला की आपोआप थांबत नाही. परंतु लोखंडाचे दुसरेही एक ऑक्साइड आहे. मॅग्नेटाइट या नावाने ओळखले जाणारे हे काळे, दाट आणि चुंबकाला चिकटणारे संयुग धातूला घट्ट बिलगून राहते, आणि रायफलीच्या नळीवर दिसणारा पारंपरिक निळसर काळा रंग म्हणजे नेमका याच मॅग्नेटाइटचा अतिशय पातळ थर होय.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की उघड्या पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरू लागतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मुंबईसह संपूर्ण कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात जुलै-ऑगस्ट महिन्यांत ही आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, शिवाय समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते आणि मिठातील क्लोराइड हा पोलादाचा सर्वांत कडवा शत्रू आहे. हेच क्लोराइड माणसाच्या घामातही असते. काही व्यक्तींच्या हाताचा घाम इतका तीव्र असतो की त्यांच्या बोटांचे ठसे एका रात्रीत पोलादावर तांबडे उमटतात. याहून फसवा धोका नजरेआड असतो. पावसात भिजलेली रायफल बाहेरून पुसून ठेवली जाते, पण नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधल्या फटीत शिरलेले पाणी तिथेच साचून राहते, त्यामुळे वरून लखलखीत दिसणाऱ्या कित्येक रायफलींची नळी खालच्या अंगाने खड्डे पडून खराब झालेली आढळते. कातडी म्यानात किंवा लोकरी आच्छादनात रायफल दीर्घकाळ ठेवणेही तितकेच घातक असते, कारण कातडे ओलावा धरून ठेवते आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांचे अंशही त्यात शिल्लक असतात.

अठराव्या शतकातील युरोपीय सैन्यांमध्ये बंदुकीची नळी घासून चकचकीत ठेवण्याची रीत होती, आणि त्या घासण्यात शिपायाचे कष्ट तर जातच, पण नळीचे लोखंडही झिजे. त्यावर निघालेला उपाय असा, की गंजाला विरोध करण्याऐवजी तोच नियंत्रित पद्धतीने चढवावा. आम्लयुक्त क्षारांचे द्रावण नळीवर पुसून ती दमट जागी ठेवायची, आलेला गंज घासून काढायचा आणि पुन्हा द्रावण लावायचे, असे अनेक वेळा केल्यावर एक दाट तपकिरी थर तयार होतो, ज्याला ब्राउनिंग म्हणतात. १८०० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलीची नळी अशीच तपकिरी असे, त्यामुळे उन्हात ती चमकून शिपायाची जागा उघड होत नसे. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या जुन्या नळ्यांवरील नक्षीही या प्रक्रियेत फार सुंदर उठून दिसते.

याच पद्धतीत एका पायरीची भर पडली आणि रायफलीच्या इतिहासातील सर्वांत देखणा थर जन्माला आला. प्रत्येक वेळी आलेला तांबडा गंज घासण्यापूर्वी नळी उकळत्या स्वच्छ पाण्यात ठेवली की त्या गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. मग अगदी बारीक तारांच्या ब्रशने किंवा स्टीलवूलने वरची सैल भुकटी झाडली जाते आणि ही सगळी आवर्तने पुन्हा केली जातात. गंज चढवून काळे करण्याच्या या रीतीला रस्ट ब्लूइंग म्हणतात. कित्येक दिवस चालणारे हे काम घाईने होत नाही, कारण हवेतील दमटपणा, द्रावणाचा हलका किंवा जाड हात, पोलादावर राहिलेला तेलाचा एखादा अंश यांपैकी काहीही बिघडले तरी रंगात डाग उतरतात. त्या बदल्यात मिळणारा थर मंद तकाकीचा, खोल काळसर निळा आणि नंतरच्या जलद पद्धतींपेक्षा अधिक टिकाऊ असतो. दुनळी बंदुकांसाठी तर ही रीत अपरिहार्य आहे. त्यांच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी मऊ डाखाने जोडलेली असते आणि जलद पद्धतीतील तप्त अल्कली द्रावणाने तो डाख खाल्ला जाऊन जोड सुटण्याची भीती असते.

ती जलद पद्धत म्हणजे हॉट ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि सोऱ्यासारखे नायट्रेट यांचे अतिशय संपृक्त द्रावण साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला उकळत ठेवतात आणि त्यात पोलादी भाग बुडवतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत पृष्ठभागावर मॅग्नेटाइट तयार होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन कारखान्यांनी ही पद्धत उचलली, कारण एकाच टाकीत कमी मजुरीत अनेक बंदुका एकसारख्या रंगवता येऊ लागल्या. थराची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पट एवढीच असल्याने भागांच्या मापात व्यवहारतः फरक पडत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. तिचे दोषही ठरलेले आहेत. खाचाखोचांत अडकलेले क्षार नीट धुतले गेले नाहीत तर ते काही दिवसांनी पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर येतात आणि तिथेच गंज धरतो. सिलिकॉन अधिक असलेले ओतीव पोलाद काळे होण्याऐवजी जांभळट होते. ॲल्युमिनियमचा भाग चुकून टाकीत गेला तर कॉस्टिक सोडा तो विरघळवून टाकतो. उकळत्या द्रावणात पाण्याचा शिपकारा गेला तर ते उसळून अंगावर येते, आणि त्यामुळे घरच्या अंगणात हा प्रयोग करणे अत्यंत अविचाराचे आहे.

काळे करण्याच्या या सर्व प्रकारांविषयी एक गोष्ट ग्राहकाला सहसा कोणी स्पष्टपणे सांगत नाही, ती अशी की हा थर एकट्याच्या बळावर पोलादाचे फारसे रक्षण करत नाही. तो सच्छिद्र असतो आणि त्याचे खरे काम तेल किंवा मेण धरून ठेवण्याचे असते. तेल पुसले गेले की काळी नळीही गंजते. त्याचे सौंदर्यही त्याच्या स्वतःपेक्षा खालच्या कामावर अवलंबून असते, कारण इतका पातळ थर पृष्ठभागावरील कोणतीही रेघ झाकत नाही. नळीवर कानशीचा एक ओरखडा राहिला असेल तर काळ्या रंगात तो अधिकच ठळक दिसतो. उत्तम कारागीर पॉलिशसाठी रंगकामाच्या कित्येक पट वेळ देतात, आणि फिरत्या चाकावर घाईने घासलेल्या रायफलीत छिद्रांच्या कडा गोलावतात, कोरीव अक्षरे बुजतात, सपाट बाजू लाटांसारख्या दिसू लागतात. ब्लूइंगचा दर्जा ओळखायचा असेल तर आधी रायफलीच्या कडा पाहाव्यात आणि मग रंग पाहावा.

स्क्रू, चाप यांसारख्या छोट्या भागांवर दिसणारा मोरपंखी निळा रंग वेगळ्या रीतीने येतो. घासून स्वच्छ केलेले पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवले की त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा प्रकाशलहरींच्या लांबीशी तुल्य होतो आणि प्रकाशकिरणांच्या परस्पर-अडथळ्यामुळे निळा रंग दिसतो. वितळलेल्या सोऱ्यात बुडवून हे काम एकसारखे करता येते. हा थर नाजूक असल्यामुळे हाताळणीच्या भागांवर तो वापरू नये. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवल्यावर उमटणारे राखाडी, निळे, तपकिरी ढगाळ रंग ब्रिटिश बंदुकांच्या यंत्रभागावर पाहायला मिळतात, आणि तिथे रंग दुय्यम असून मऊ लोखंडाला बाहेरून कठीण कवच देणे हा मूळ हेतू होता.

सैनिकी वापराने संरक्षक थराचा विचार पूर्णपणे बदलून टाकला, कारण सैनिकाच्या रायफलीला सौंदर्याची गरज नसते आणि ती चमकली तर जिवावर बेतते. १८६९ मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम अलेक्झांडर रॉस याने फॉस्फरिक आम्लाच्या साहाय्याने लोखंडाचे रक्षण करण्याची कृती नोंदवली, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थॉमस वॉट्स कॉसलेट याने तीत सुधारणा केली आणि पुढे क्लार्क पार्कर याने तिचे अमेरिकेतील हक्क मिळवून १९१५ मध्ये पार्कर रस्ट-प्रूफ कंपनी स्थापन केली. त्याच्या नावावरून या थराला पार्करायझिंग असे नाव मिळाले. जस्त किंवा मँगेनीज यांच्या फॉस्फेटचे द्रावण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडे खाली तापवून त्यात पोलाद बुडवले असता पृष्ठभागावर राखाडी स्फटिकांचा खरबरीत थर वाढतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन एम-१ गॅरंड रायफलींवर हाच थर असे. त्याच्या स्फटिकांमधल्या असंख्य पोकळ्यांत तेल मुरून बसते आणि पुसले तरी लवकर निघत नाही. रोजच्या वापरातल्या बिडाच्या तव्याला तेल मुरवून जे संरक्षण मिळते, तसाच हा प्रकार आहे. ज्याला रायफल रानात, पावसात, चिखलात न्यायची आहे आणि तिच्या देखणेपणाची चिंता नाही, त्याच्यासाठी फॉस्फेट हा आजही सर्वांत प्रामाणिक आणि स्वस्त पर्याय आहे. मात्र त्याआधी पृष्ठभागावर वाळूसारख्या कणांचा मारा करून तो खरबरीत करावा लागतो, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास पोहोचणारी थराची जाडी घट्ट बसणाऱ्या भागांत विचारात घ्यावी लागते.

आतापर्यंतचे सर्व थर बाहेरच्या अंगाचे झाले, पण रायफलीचा प्राण नळीच्या आत असतो. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरे; हा क्षार हवेतील पाणी ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही, म्हणून नुसते तेल ओढून ठेवलेली नळीही आतून कुजत असे आणि ती आधी पाण्याने धुणे आवश्यक ठरे. यावर नळीच्या आत क्रोमियमचा कठीण मुलामा देण्याचा उपाय पुढे आला. जपानच्या टाइप ९९ अरिसाका रायफलीच्या नळ्यांना तो दिला जात असे. त्याचे महत्त्व व्हिएतनाम युद्धात फार मोठी किंमत देऊन कळले. तिथे पाठवलेल्या सुरुवातीच्या एम-१६ रायफलींच्या नळीला आणि काडतूस जिथे बसते त्या कोठ्याला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत कोठा आतून गंजून खरबरीत झाला की झाडलेल्या काडतुसाची पुंगळी त्यात अडकून बसे आणि ऐन चकमकीत रायफल बंद पडे. बारुदीचा बदललेला प्रकार आणि साफसफाईच्या साहित्याची टंचाई ही कारणेही त्यामागे होती, अमेरिकन काँग्रेसच्या समितीने १९६७ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली, आणि त्यानंतर कोठ्याला व पुढे संपूर्ण नळीला क्रोमचा मुलामा देण्यात आला. संरक्षक थराला शोभेची बाब समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

असे असले तरी अचूक नेमबाजीसाठी घडवलेल्या रायफलीत क्रोमचा मुलामा सहसा टाळला जातो, कारण नळीतील सर्पिल खाचांवर तो तंतोतंत सारख्या जाडीचा बसवणे कठीण असते आणि त्या किंचित असमानतेचा परिणाम लक्ष्यावर दिसतो. क्रोम आणि निकेल यांच्या मुलाम्याबाबत आणखी एक तत्त्व ध्यानात घ्यावे लागते. जस्ताचा थर लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो, म्हणून त्यावर ओरखडा पडला तरी खालचे लोखंड काही काळ सुरक्षित राहते. क्रोम व निकेल मात्र लोखंडापेक्षा स्थिर असल्याने त्यांत सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तरी पाणी तिथून शिरते आणि सगळा गंज त्या एका बिंदूवर एकवटतो. विजेच्या प्रवाहाशिवाय, केवळ रासायनिक क्रियेने चढवला जाणारा निकेल-फॉस्फरसचा मुलामा खाचाखोचांत सर्वत्र सारखा बसतो, म्हणून यंत्रभागासाठी तो विद्युत-मुलाम्याहून अधिक विश्वासार्ह आहे. विद्युत-मुलामा देताना निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो, त्यामुळे स्प्रिंगसारखे भाग मुलाम्यानंतर लगेच सुमारे १९० अंशांना काही तास भाजून घ्यावे लागतात. ही पायरी गाळणाऱ्या कारखान्याकडे रायफलीचा कोणताही भाग देऊ नये.

नायट्रायडिंग या पद्धतीत पोलादावर काहीच चढवले जात नाही. सुमारे ५२५ ते ५८० अंशांच्या वितळलेल्या क्षारांत भाग बुडवले असता नायट्रोजन आणि कार्बन पृष्ठभागात शिरतात आणि दहा-वीस मायक्रॉनचा अत्यंत कठीण, गंजरोधक पापुद्रा पोलादाच्याच अंगातून तयार होतो. टेनिफर आणि मेलोनाइट या व्यापारी नावांनी ओळखली जाणारी ही प्रक्रिया ऑस्ट्रियातील ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांमुळे सर्वपरिचित झाली. हा थर सोलला जात नाही, नळीच्या आत आणि बाहेर एकाच वेळी तयार होतो आणि झीज रोखण्यात ब्लूइंगहून फार सरस ठरतो. धोका आहे तो तापमानाचा. पोलादाला त्याची ताकद देणारी उष्णताप्रक्रिया ज्या तापमानाला झालेली असते त्याच्यावर ते पुन्हा तापले तर ती ताकद घटते. आधुनिक क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे हे तापमान पुरेसे उंच असल्याने ते ही प्रक्रिया सहसा सहन करते, पण महायुद्धपूर्व माउझर ९८ रायफलींचे यंत्रभाग कमी कार्बनच्या पोलादाला वरून कठीण कवच देऊन बनवलेले असत आणि ते ५०० अंशांच्या पुढे तापवणे म्हणजे ज्या कवचावर सगळा दाब पेलला जातो तेच मऊ करणे होय. जुना माउझर घेऊन त्यावर नवी रायफल घडवणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे हा इशारा महत्त्वाचा आहे. शिवाय नायट्रायडिंगनंतर पृष्ठभाग इतका कठीण होतो की नळीला नवे आटे पाडणे किंवा कोठा पुन्हा कापणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे सगळे मोजमाप आणि चाचणी त्याआधी पूर्ण व्हायला हवी.

स्टेनलेस स्टीलची नळी घेतली की थराचा प्रश्नच मिटतो, ही दुसरी लोकप्रिय समजूत. स्टेनलेस पोलादातील क्रोमियम हवेशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य पडदा तयार करते आणि तो ओरखडला तरी पुन्हा भरून येतो, हे खरे. पण अचूक नेमबाजीच्या नळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ४१६ जातीच्या पोलादात कापकाम सुलभ व्हावे म्हणून मुद्दाम गंधक मिसळलेले असते, त्यामुळे स्वयंपाकघरातील स्टेनलेस भांड्यांच्या तुलनेत ते गंजाला कमी विरोध करते, आणि खारा घाम किंवा समुद्राची हवा लागून राहिली तर त्यावर बारीक खड्डे पडतात. त्यावर नायट्रायडिंग केल्यास पृष्ठभागातील क्रोमियम नायट्रोजनशी बांधले जाऊन मूळ संरक्षण उलट घटू शकते. स्टेनलेसच्या दोन भागांची एकमेकांवर घासाघीस झाली तर ते खरवडून एकमेकांना चिकटण्याचाही संभव असतो, म्हणून काडतूस कोठ्यात बंद करणाऱ्या सरकत्या बोल्टच्या लगांना, म्हणजे त्याला अडकवून धरणाऱ्या खुंट्यांना, नेहमी वंगण लागते.

गेल्या काही दशकांत सर्वाधिक मागणी वाढली ती सेराकोट या नावाने विकल्या जाणाऱ्या, सिरॅमिक कण आणि राळ यांच्या मिश्रणाच्या लेपाची. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील कंपनीचे हे उत्पादन फवारून लावतात आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारात सुमारे १२० अंशांच्या भट्टीत दोन तास भाजतात. इतक्या कमी तापमानाने पोलादाच्या ताकदीला धक्का लागत नाही. हवा तो रंग मिळतो, घामाचा आणि खाऱ्या हवेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि तेलाच्या नियमित हातावर त्याचे संरक्षण अवलंबून नसते. किनारपट्टीवर वापरायच्या रायफलीच्या बाहेरच्या अंगासाठी आज तरी याहून चांगला सर्वसाधारण पर्याय सुचवणे अवघड आहे. तथापि हा लेप पोलादाला केवळ पकडून असतो आणि ही पकड मिळवण्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. त्यामुळे कडांवर टवका उडाला की त्याखाली गंज सरकत जातो आणि वरून दिसत नाही. सुमारे २५ मायक्रॉनची त्याची जाडी बोल्टच्या मार्गात, आट्यांत आणि कोठ्यात चालत नाही, तिथे तो भाग झाकूनच फवारणी करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कणांचा मारा झालेली, बारीक नक्षीकाम असलेली रायफल पुन्हा पहिल्यासारखी होत नाही; तो निर्णय कायमचा असतो.

ॲल्युमिनियमच्या भागांना यांपैकी बरेच उपाय लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी अॅनोडायझिंग वापरतात, ज्यात गंधकाम्लात विद्युत-प्रवाह सोडून ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचेच कठीण ऑक्साइड बनवले जाते आणि त्यात रंगही मुरवता येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे ज्या प्रकारात खेळतो, त्या प्रकारातील आधुनिक रायफलींचे दस्ते बहुधा अशाच ॲल्युमिनियमचे असतात. गाल, हात आणि खांदा तासन्तास टेकलेले राहिल्यामुळे घामाचा सर्वाधिक संबंध तिथेच येतो, आणि लाकडाच्या तुलनेत ऋतुमानाने न फुगणारा हा दस्ता किनाऱ्यावरच्या खेळाडूला म्हणूनच उपयुक्त ठरतो.

विक्रेते आपल्या थराची महती सांगताना अनेकदा मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तास पुढे करतात. या चाचणीत ३५ अंशांच्या बंद कक्षात पाच टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा मारून गंज किती तासांनी येतो ते पाहतात. एकाच थराच्या दोन घाण्यांची तुलना करायला ती उपयोगी आहे, पण तासांवरून वर्षांचा हिशेब काढता येत नाही. खऱ्या वापरात ओलावा येतो-जातो, थर घासला जातो, टवके उडतात, आणि यांतले काहीच त्या कक्षात घडत नाही.

एकाच रायफलीवर एकच थर असावा असा नियम नाही, आणि उत्तम कारागीर तसे सहसा करतही नाहीत. शांत, कोरड्या हवेत जपून वापरायची, अक्रोडाच्या दस्त्याची आणि पुढच्या पिढीला द्यायची रायफल असेल तर क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आणि रस्ट ब्लूइंग यांना तोड नाही. तिला वर्षभर तेलाचा हात लागतो हे मात्र मालकाने स्वीकारले पाहिजे. दमट किनाऱ्यावर किंवा डोंगराळ पावसात वापरायची रायफल असेल तर स्टेनलेस नळी, तिच्या बाहेरून सिरॅमिक लेप आणि सरकणाऱ्या बोल्टला नायट्रायडिंग किंवा हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा दोन-तीन मायक्रॉनचा थर ही विभागणी समर्पक ठरते. नळीचे दस्त्याखाली दडलेले अंग कोणत्याही परिस्थितीत उघडे ठेवू नये. तिथे लेप नसेल तर चांगल्या मेणाचा जाड हात तरी असावा.

ज्यांच्या घरी पूर्वजांची परवान्यातील जुनी रायफल किंवा ठासणीची बंदूक आहे, त्यांच्यासाठी मात्र उलटा नियम लागू होतो. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी कंपनीची .२७५ रायफल आज जतन झाली आहे. अशा शस्त्राचे मोल त्याच्या झिजलेल्या मूळ पृष्ठभागासकट असते आणि ते घासून नवे काळे करणे म्हणजे त्यावरचा इतिहास पुसणे होय. जुन्या शस्त्रावर गंज असेल तर तो तेलात भिजवून हलक्या हाताने काढावा, नवा थर चढवू नये.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्यासाठीही परवाना लागतो, त्यामुळे मुलामा देणाऱ्या साध्या कारखान्याकडे रायफल सोपवणे हा मालकाला आणि कारागिराला अडचणीत आणणारा मार्ग आहे. काम परवानाधारक बंदूककाराकडेच द्यावे. देताना त्याच्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : प्रत्येक भागाचे पोलाद कोणते, तो कोणत्या तापमानापर्यंत तापणार, थराची जाडी किती आणि कोणते भाग झाकून ठेवले जाणार. ज्या कारागिराला या चार प्रश्नांची उत्तरे ठामपणे देता येत नाहीत, त्याच्याकडे रायफल ठेवू नये.